जोडून सुट्टी आली, भावंडं कुठं जाणार?

2026 मध्ये 2 ऑक्टोबर शुक्रवारी येतो. गांधी जयंतीची सुट्टी आणि तिला लागून शनिवार-रविवार. कॅलेंडरात असे सलग तीन दिवस दिसले, की पुण्याला, बंगळूरला, गोव्यात नोकरीला असलेल्या, कर्नाटक सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातल्या मुलामुलींचे घरी फोन सुरू होतात. रजा जोडून मिळेल का, गाडीला जागा आहे का, येताना काय आणू. अलीकडे या फोनांत एक वेगळा बेतही कानावर येतो. धाकटा भाऊ थोरल्या बहिणीला म्हणतो, "अक्का, यंदा आपण दोघंच कुठंतरी जाऊया. दोन रात्री राहू, निवांत फिरू, परत येऊ." कधी दोन बहिणींचं तसं ठरतं. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, दवाखाना नाही. एखादं शहर, आणि तिथं दोघांपैकी कुणालाच काही काम नाही.

घरात हे बोलून दाखवलं तर सहसा कुणी नको म्हणत नाही. आई एवढंच विचारते, "मग गावाकडं नाही येणार?" तिला उत्तर दिल्याशिवाय हा बेत चांगला की वाईट हे ठरवता येत नाही. बेताच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, आणि माझा कौल शेवटी त्याच बाजूला पडतो. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलकं नाही, आणि ते ऐकून घेतल्याखेरीज हा कौल देण्याचा मला अधिकार नाही.

भावंडांनी मिळून प्रवास करणं आपल्याकडे जुनं आहे. लग्न झालेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला भाऊ मुराळी म्हणून जायचा. हलशीची लेक जांबोटीला दिलेली, नंदगडची चंदगडकडे. बैलगाडी असली तर गाडीतून, नसली तर पायी, डोक्यावर गाठोडं घेऊन. वाटेत ओढ्याकाठी भाकरी सोडायची. सासर मागं पडलंय आणि माहेर अजून यायचंय, अशा त्या तासांत बहीण जे बोलायची, ते तिला सासूसमोर बोलता येत नव्हतंच, पण आईसमोरही येत नव्हतं. आईनं ते ऐकलं असतं तर तिची झोप उडाली असती. संशोधक हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत भाऊ पुन्हा पुन्हा येतो, आणि भाऊ येतो तेव्हा बहुधा तो वाटेवर असतो. दळणाऱ्या बाईला भावाइतकीच ती वाटही हवी असणार, असं मला वाटतं.

आज ती वाट मोटरसायकलवर थोड्या वेळाची झाली आहे. बहिणीला नवराच आणून सोडतो, नाहीतर ती स्वतः बस पकडून येते. यात बाईची सोय झाली, तिचं कुणावाचून अडणं थांबलं. ही सुधारणाच आहे आणि ती मागं फिरावी असं कुणी म्हणणार नाही. मात्र दोघांचं एकमेकांशी, तिसऱ्या कुणाच्या कानावर न पडता बोलणं त्याबरोबर गेलं. माहेरी आली की बहिणीचा पहिला तास चहात जातो, दुसरा पोरांत, मग शेजारच्या काकू येतात. वहिनी एकटी राबतेय हे बघवत नाही म्हणून ती स्वयंपाकघरात शिरते आणि निघेपर्यंत तिथंच असते. भाऊ तिच्या सासरी गेला तर त्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची देतात, पोह्यांची बशी हातात देतात, आणि तो दाजींशी पाऊसपाण्यावर आणि उसाच्या बिलावर बोलून उठतो. बहीण-भाऊ दोघंच असतात ते दारात, चप्पल घालताना. "बरी आहेस ना?" "बरी आहे." संपलं.

शहरात दोघंही पाहुणे. कुणाचं घर नाही, म्हणून कुणी यजमान नाही. कुणाला चूल पेटवायची नाही, कुणाला भांडी घासायची नाहीत, कुणाची घरात बसून वाट बघणारं माणूस नाही. सहलीला इतर कितीही कारणं देता आली तरी मला या बेतात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे.

आता आईचा प्रश्न. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत आज घरटी एखादं तरी माणूस बाहेर आहे. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांत तर जोडून सुट्टी आली की गावाला जाग येते, एरवी म्हातारी माणसं आणि कुत्री. पुण्यातला मुलगा वर्षाकाठी मोजक्याच वेळा येतो. त्या येण्यावर घरातली किती कामं टांगलेली असतात हे येणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसतं. वडिलांना बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं असतं. बँकेच्या खात्याचा काहीतरी घोळ झालेला असतो. पावसाच्या आधी कौलं परतायची असतात, पंपाची मोटर वर काढायची असते. एखादं काम नसलंच तरी तुळशीपाशी बसून तालुक्यातली कोणती माणसं गेली, कुणाचं लग्न ठरलं, हे सांगायचं असतं. तीन दिवसांची सुट्टी भावंडांनी शहरात घालवली तर हे सगळं दिवाळीपर्यंत थांबतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढच्या खेपेला करू हे फार जपून सांगावं लागतं.

म्हणून काही सुट्ट्यांना हात लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 2026 मध्ये गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे. आदल्या दुसऱ्या शनिवारसह तेही तीन दिवस होतात, आणि ते घरचेच. दिवाळी घरची. गावच्या महालक्ष्मीची यात्रा काही गावांत कैक वर्षांनी येते, तेव्हा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही असला तरी त्यानं यावं. सुगीतही नको. भात कापणी-मळणीच्या दिवसांत घरात दोन हात कमी पडलेले असताना बहीण-भाऊ समुद्राकडे तोंड करून बसले, तर तो निवांतपणा खोटा. उलट 2 ऑक्टोबरच्या सुमाराला भात निसवलेलं असतं, सुगीला अवकाश असतो. 26 जानेवारीपर्यंत मळण्या बहुतेक आटोपलेल्या असतात. सरकारी सुट्टीचे हे दिवस आपल्या शेताच्या वेळापत्रकात बऱ्यापैकी मोकळ्या जागी बसतात, हे आपलं नशीब.

दोन राज्यांत विखुरलेल्या भावंडांचं कॅलेंडरही एक नसतं. पुण्यातल्या भावाला 19 फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी असते, खानापुरातल्या बहिणीला नसते. तिला 1 नोव्हेंबरची, कर्नाटक राज्योत्सवाची असते, त्याला नसते. आणि सीमाभागातला मराठी माणूस 1956 पासून तो दिवस काळा दिवस म्हणून पाळत आला आहे, तेव्हा अनेक घरांत त्या दिवशी सहलीचा विचार मनातही यायचा नाही. महाराष्ट्रात सरकारी कचेऱ्यांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, कर्नाटकात दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा. म्हणजे 3 ऑक्टोबर 2026 चा शनिवार महाराष्ट्रात कारकून असलेल्या भावाला मोकळा आणि खानापूरच्या तहसील कचेरीत काम करणाऱ्या बहिणीला कामाचा. सण वगळले तर 26 जानेवारी, 14 एप्रिल, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर असे मोजकेच दिवस दोघांच्या हाती एकदम लागतात. ते शनिवार-रविवारला लागून यायला हवेत, हे आणखी वेगळं. अशी वेळ वारंवार येत नाही, म्हणून आली की ती विचार करून वापरावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आईच्या मागोमाग येतो तो वहिनीचा प्रश्न, आणि तो बहुधा कुणी तोंडाने विचारत नाही. भाऊ बहिणीला घेऊन दोन दिवस फिरायला जातो. बायकोला घेऊन शेवटचा कधी गेला होता? त्याच्या माघारी पोरांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, गोठ्यातली म्हैस कोण बघणार? तीच. नणंद-भावजयीत आधीच काही दुखलेलं असेल तर अशा सहलीनं ते वाढेल. बहिणीच्या नवऱ्याबद्दलही हेच म्हणता येईल, पण त्याच्या वाट्याला सहसा स्वयंपाकघर येत नाही, त्यामुळे त्याची तक्रार एवढी जड नाही. वहिनीची आहे. यावर मला एकच न्याय्य तोड दिसते: तिलाही भावंडं आहेत. ज्या घरातून भाऊ बहिणीबरोबर जातो, त्या घरातून वहिनीनं तिच्या बहिणीबरोबर किंवा भावाबरोबर तितकेच दिवस जावं, आणि त्या दिवसांत डबे, गोळ्या आणि म्हैस नवऱ्यानं बघावी. हे आधी ठरवावं, आल्यावर बघू असं ठेवू नये. जिथं हे ठरत नसेल तिथं सहल न काढलेली बरी.

खर्चाची बाजू सीमाभागात चमत्कारिक आहे. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत आहे. खानापूरची बहीण धारवाडला, हुबळीला, हवं तर थेट म्हैसूरपर्यंत तिकीट न काढता जाऊ शकते. आंतरराज्य बसला मात्र ती योजना नाही; कोल्हापूर आणि पणजी ही हद्दीपलीकडची तिची जवळची मोठी शहरं, आणि तिकडे निघालं की तिकीट आलं. हद्दीपलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. निपाणी सोडून कागल गाठेपर्यंत एकाच बाईच्या तिकिटाचे असे नियम बदलतात. त्यात अधूनमधून दोन्ही राज्यांत ताण वाढतो आणि बसच थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये तसं झालं, फेब्रुवारी 2025 मध्येही झालं. सुट्टीवर निघालेल्या माणसाला हद्दीवर अडकून पडण्याचा धसका आमच्या भागात खरा आहे. तेव्हा निघण्याआधी बातम्या बघाव्यात आणि परतीची एक वाट रेल्वेची ठेवावी.

राहण्याचा खर्च त्याहून मोठा. जोडून सुट्टीत खोल्यांचे दर चढतात, सगळीकडेच. यावर काही लोक म्हणतात, एवढ्या पैशांत बहिणीला चांगली साडी येईल, भाचरांच्या फीला हातभार लागेल. खरं आहे. ज्या घरात फीचे पैसे उभे राहत नाहीत तिथं हा बेत निघूच नये. पण ज्या घरांत भाऊबीजेला हजारांची पाकिटं दिली-घेतली जातात आणि बहिणीच्या कपाटात घडी न मोडलेल्या साड्यांची चवड आहे, तिथं त्या पाकिटाऐवजी दोन दिवस दिले, तर तिला जास्त मिळतं, असं मी म्हणेन.

आमच्याच तालुक्यात एवढं निसर्गवैभव असताना शहर कशाला, असंही कुणी विचारील. भीमगड अभयारण्य आहे, मलप्रभेचा उगम कणकुंबीला आहे, पावसाळ्यात धबधब्यांना तोटा नाही. पण जोडून सुट्टीला तिकडे काय होतं ते इथं राहणाऱ्यांना दिसतं. गाड्यांच्या रांगा, रस्त्यावर बाटल्या, आणि पाण्याचा अंदाज न घेता उतरलेली पोरं. शेजारच्या दूधसागर धबधब्याला जाण्यासाठी रुळांवरून चालत निघालेल्या लोकांना जुलै 2023 मध्ये रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. जंगलावर हा भार टाकू नये, हे एक. दुसरं असं, की डोंगरात माणूस पायाखाली बघून चालतो, धापा टाकतो, टोळक्यात असतो. मोकळं बोलायला बसायला जागा लागते: बाकडं, पायरी, चहाचं टेबल, संध्याकाळी दिवे लागल्यावरचा रस्ता. शहर या गोष्टी फुकटात देतं. शिवाय गुडघे दुखणाऱ्या थोरल्या बहिणीलाही ते जमतं.

मग कोणतं शहर? कोल्हापूर मनाच्या सर्वांत जवळचं. दुकानांच्या मराठी पाट्या, रंकाळा, तांबडा-पांढरा. हद्द ओलांडून आलेल्या खानापूरकराला तिथं एक प्रकारचा आधार वाटतो, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाखटल्याचं ओझं वाहणाऱ्या माणसाला तो का वाटतो हे समजावून सांगायला नको. पण निवांतपणाच्या दृष्टीनं कोल्हापूर अवघड. सलग सुट्टीत अंबाबाईच्या दर्शनाची रांग लांबलचक होते, आणि त्या गावात जाऊन देवीला न भेटता यायचं आपल्याला होत नाही. खरेदीची यादी घरूनच येते. आणि पाहुणे! खानापूर-बेळगावकडच्या माणसाला कोल्हापुरात मावशी, आत्या, चुलत बहीण नाही असं होत नाही. कळलं की जेवायला जावं लागतं, न कळवता आलो तर रुसवा. कोल्हापूर सगळ्या कुटुंबानं मिळून जायचं गाव आहे.

धारवाडचा विचार मराठी माणूस सहसा करत नाही, तो करावा असं मी आग्रहानं म्हणेन. बहिणीचं तिकीट नाही, अंतर थोडं, गाव अजून झाडांचं. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं घर तिथं स्मारक म्हणून जपलेलं आहे. साधनकेरीला द. रा. बेंद्रे यांचं स्मारक आहे. कन्नडच्या या महाकवीच्या घरात मराठी बोलली जायची. आपल्या दोन भाषांत भांडणाव्यतिरिक्त आणखी काय काय होतं, हे भावंडांनी मुद्दाम बघावं असं ते गाव आहे. दोन भावांना, किंवा गाण्याची आवड असलेल्या बहीण-भावाला, मी डोळे झाकून धारवाड सांगेन.

माझी स्वतःची पसंती पणजीला आहे. खानापुरातून लोंढा-अनमोडवरून घाट उतरा, नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा. बसनं दुपारपर्यंत पोचता. 19 डिसेंबर 1961 पर्यंत हे घाट म्हणजे परक्या राज्याची हद्द होती, आज आमच्या गावची पोरं आठवड्याला ये-जा करतात. पणजीसमोरून वाहते ती मांडवी, म्हणजे आमच्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलात उगम पावणारी म्हादई. मलप्रभा त्याच तालुक्यातून निघते आणि पूर्वेला कृष्णेला मिळायला जाते. तीन राज्यं म्हादईच्या पाण्यावरून लवादापुढे भांडली, ऑगस्ट 2018 मध्ये निवाडाही आला, वाद मिटला नाही. खानापूरकरानं पणजीच्या काठावर उभं राहून ते पाणी एकदा बघावं. ते कुणासाठी किती महत्त्वाचं आहे याचा अंदाज तिथं येतो, वर्तमानपत्रात येत नाही.

गोव्यात गर्दी असते ती कळंगुट-बागाच्या किनाऱ्यांवर. पणजी रविवारी चक्क झोपते. दुकानं बंद, अठरा जून रस्त्यावर सावली आणि शांतता. चर्चच्या पायऱ्यांवर बसा, सचिवालयाच्या जुन्या वाड्याशेजारी आबे फारियाचा रामचंद्र कामतांनी घडवलेला 1945 चा पुतळा बघा, फोंतेन्हासच्या गल्ल्यांतून चाला. तिथं एक पथ्य पाळावं: त्या रंगीत घरांत माणसं राहतात, आणि दारात उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ती कंटाळलेली आहेत. मोबाईल खिशात ठेवून, हळू बोलत गेलं तर एखादी आजी हसून बघते.

मी अक्काबरोबर गेलो होतो तेव्हा सकाळी एका लहानशा हॉटेलात पुरी-भाजी मागवली. पहिली टम्म फुगलेली पुरी आली ती तिनं सवयीनं माझ्याकडे सरकवली. वेटरनं दुसरी तिच्यासमोर ठेवली. तिनं बोटानं ती फोडली, वाफ आली, आणि ती म्हणाली, "अशी पुरी मी किती दिवसांनी खातेय." घरी तळणारीच्या ताटात पुरी येईपर्यंत ती बसलेली असते. त्यानंतर तिनं घाई न करता पोटभर खाल्लं, आणि मी फक्त बघत बसलो.

संध्याकाळी फेरीबोटीनं बेतीला गेलो आणि तसेच परत आलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, म्हणून पुन्हा गेलो. कठड्याला टेकून ती बोलत होती. बेळगावच्या कॉलेजला जायला मला ज्या वर्षी बसचा पास काढून दिला, त्याच वर्षी तिचा पास पुन्हा काढला नव्हता. घरात दोन पासांचे पैसे नव्हते. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. हे सगळं मला माहीत होतं आणि नव्हतंही. तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. तक्रारीचा सूर नव्हता तिचा. वडिलांनी ते कसं सांगितलं, सांगताना ते तिच्याकडे न बघता अंगणाकडे कसे बघत होते, एवढंच ती सांगत होती. आज त्याच रस्त्यावरून मुली बिनतिकीट कॉलेजला जातात याचा तिला फार आनंद आहे, असंही म्हणाली. इतक्या भाऊबीजा झाल्या, ओवाळण्या झाल्या, पण पाटावर बसल्या-बसल्या हे निघणं शक्य नव्हतं. समोर आई होती.

या बोलण्याची जी दुसरी बाजू आहे तिच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. भावाबहिणीत मोकळं बोलणं सुरू झालं की ते जमिनीकडे वळू शकतं. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी निकाली काढलं. तरीही आमच्याकडे ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडाचा कागद आलेला अनेकांनी पाहिला आहे. दोन दिवस हॉटेलात ठेवून, गोड बोलून, परतीच्या बसमध्ये "अक्का, एक सही लागेल" असं म्हणणारा भाऊ निघू शकतो. त्या दिवसानंतर ती बहीण अशा सहलीला पुन्हा कधी येणार नाही, आणि तिनं येऊही नये. वाटणीचं बोलणं घरी करावं, दिवसाउजेडी, कागद समोर ठेवून, तिच्या नवऱ्यामुलांच्या माहितीत. सहलीत ते कुणीच काढू नये. बहिणीनंसुद्धा.

आता थोडं सोयीचं. बहीण-भाऊ खोली घ्यायला गेले की आधारकार्डावर आडनावं वेगळी असतात, आणि काउंटरवरचा माणूस चेहऱ्याकडे बघतो. चाळिशीतल्या बाईला तिथं उभं राहून हा माझा भाऊ आहे असं सिद्ध करावं लागणं अपमानाचं आहे. निघण्याआधी हॉटेलला फोन करून नातं सांगावं, दोन वेगळ्या खाटांची खोली मागावी, शक्य असेल तर दोन खोल्या घ्याव्यात. दिवसाला एक ठिकाण पुरे. एकही झालं नाही तरी चालेल. घरच्यांना रात्री एकदा फोन करावा, दर तासाला फोटो पाठवू नयेत. आणि जाताना किंवा येताना एक रात्र गावी काढावी. पुण्याहून येणाऱ्याला ते वाटेवरच आहे: शुक्रवारी सकाळी गावातून निघून रविवारी संध्याकाळी गावातच जेवायला परत. आईला तुळशीपाशी बसून सांगायचं असतं ते सांगता येतं, आणि दोन भावंडं एकत्र जाऊन एकत्र परत आलेली तिला बघायला मिळतात. आईच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे, आणि ते पुरेसं आहे असं मला वाटतं.

ज्यांच्यासाठी ते पुरेसं नाही असेही आहेत. आमच्या तालुक्यातली किती मुलं गोव्यात हॉटेलांत काम करतात! जोडून सुट्टी म्हणजे त्यांच्या मरणाच्या कामाचे दिवस. पणजीतल्या ज्या खोलीत आपण निवांत झोपतो तिची चादर बदलणारा मुलगा कणकुंबीकडचा असू शकतो, आणि त्यालाही बहीण असते. त्याच्या भावंडांनी पावसाळ्यातला एखादा मंगळवार-बुधवार पकडावा. तेव्हा दर उतरलेले असतात आणि मालक रजा देतो.

आणि घराघरात एक भाऊ किंवा बहीण असते जी गावीच राहिली. धाकटा, ज्यानं शिक्षण सोडून शेत धरलं. किंवा लग्न न झालेली बहीण, जी आईवडिलांचं सगळं करते. पुण्याचा आणि बंगळूरचा सहलीचे बेत करतात ते हा घरी आहे या भरवशावर. त्याच्या म्हशीला शनिवार-रविवार नसतो, आणि आपल्याला कुणी विचारील असं त्याच्या मनातही येत नाही. 2 ऑक्टोबरचा बेत करताना पहिला फोन त्याला करावा. तो नाहीच म्हणेल, धार कोण काढणार म्हणून. तेव्हा दोघा बाहेरच्यांपैकी एकानं तीन दिवस गावी येऊन गोठा सांभाळावा, धार काढता येत नसेल तर आदल्या महिन्यात शिकून घ्यावी, आणि दुसऱ्यानं त्याला पणजीला न्यावं.